मोंबासाचा परवाना

"म्हनलं व्हतं, अनवाणीच येते. ह्या वहाणा चावत्यात," बानूबाई जोतीरामच्या कानाशी पुटपुटली.

"आगबोटीवर अनवाणी चढू देत न्हाईत."

"तुमाला कुणी सांगितलं?"

दोघं सुप्याहून पहाटेच निघून बारामतीच्या मामलेदार कचेरीच्या ओसरीत येऊन बसली होती. समोर अर्ज लिहिणारे बापूसाहेब. त्यांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

जोतीरामनं उपरण्याच्या गाठीतून पाकीट काढलं. पोस्टाच्या तिकिटावर इंग्रज राजा आपल्याकडचाच, शिक्का मात्र मोंबासाचा. बापूसाहेबांनी ते प्रसाद घ्यावा तसं दोन्ही हातांनी घेतलं. जमिनीचे, पाटपाण्याचे अर्ज त्यांनी ढिगानं लिहिले होते. समुद्रापलीकडं राहायला जायचा हा पहिलाच.

"झुंबर काय लिवतो, परत वाचा की," बानूबाई म्हणाली.

बापूसाहेबांनी सावकाश वाचलं. रेल्वेच्या कारखान्यात पक्की नोकरी. पत्र्याचं घर. बारा महिने ऊन, थंडी कुणाला ठाऊक नाही. हाकेवर समुद्र, आणि त्याचं पाणी दिवस मावळतानाही कोमट. मधली नऊ वर्षं लिहिलं नाही, त्याची माफी असावी. आता बायकोला पाठवून द्यावं. मुंबईहून सुताराचं एक कुटुंब निघतंय, त्यांची सोबत होईल.

"नऊ वर्षं," बापूसाहेब म्हणाले. "तुम्ही काय समजलात मग?"

"माझा थोरला भाऊ. समजायचं ते समजलो," जोतीराम खांबाकडं बघत म्हणाला.

"आणि तरी हिच्या कपाळावर एवढं ठसठशीत कुंकू. धन्य आहे बाई तुझी."

बानूबाईनं पदर पुढं ओढला.

अर्जावर तिचा फोटो चिकटवला. तो वाळेपर्यंत बापूसाहेबांनी तिला उठवून भिंतीवरच्या जगाच्या नकाशापाशी नेलं.

"ही मुंबई. आणि हे इथं, मोंबासा."

"मधी हे निळं काय?"

"पाणी."

"सगळं?"

"सगळं. दहा-बारा दिवस बोट चालते, तरी काठ दिसत नाही."

सुप्यात तिनं पाणी पाहिलं होतं ते हंड्यात, नाहीतर विहिरीच्या तळाशी, वाकून. तिनं हात पदराला पुसला आणि एक बोट निळ्यावर टेकवलं. ओलं होईल की काय, अशा बेतानं.

"झुंबर ह्याच्यावरनं गेला?"

"ह्याच्यावरनंच. आणि तू बरं नाव घेतेस गं. मोंबासाचं वारं इथंच लागलं म्हणायचं."

ती हसली नाही. "आन सुपं कुठं?"

"सुपं नकाशात नाही."

जोतीरामही येऊन उभा राहिला. देवळात उभं राहावं तशी दोघं त्या निळ्यापुढं थांबली.

"रतन जेवली आसंल का?" बानूबाई एकदम म्हणाली.

"कोण रतन?"

"घरातलं पोर हाय," जोतीराम म्हणाला. "आजीपाशी ठेवलंय."

"असा दीर मिळायला भाग्य लागतं," बापूसाहेब म्हणाले. "भावजयीसाठी ही तिसरी खेप तुझी."

जोतीरामनं नुसतंच तोंडावरनं उपरणं फिरवलं.

शिपायानं पुकारा केला, तशी तिघं आत मामलेदारांपुढं जाऊन उभी राहिली.

मामलेदारांचा एक शिरस्ता होता, आधीच्या तालुक्यापासूनचा. बाईमाणूस परदेशी निघालं, की त्या बाईनं आपल्या तोंडानं नवऱ्याचं नाव सांगायचं. त्याशिवाय सही नाही. फसवून बायका बोटीवर चढवतात, असं ते म्हणत. उद्या ते प्रांतसाहेबांच्या मुक्कामाला इंदापूरला निघणार होते. आज सही झाली तर सुताराची सोबत मिळत होती, नाहीतर नाही.

त्यांनी टाक दौतीत बुडवला. "नवऱ्याचं नाव?"

बानूबाईनं जोतीरामकडं पाहिलं.

जोतीराम पुढं सरकला. "सायेब, झुंबर म्हनून..."

"तुला नाही विचारलं."

टाकाच्या टोकाला शाईचा थेंब जमला. कारकुनानं मान वर केली. शिपाई दारातच थांबला.

"अगं, मघाशी तर दोनदा घेतलंस की," बापूसाहेब हळूच म्हणाले. "आता काय झालं?"

बानूबाईच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. नव्या नवरीसारखा तिनं पदर दातात धरला. जोतीराम तिच्याकडं बघत नव्हता. तो फरशीकडं बघत होता, आणि त्याच्या हातातलं उपरणं पिळून पिळून दोरखंड झालं होतं.

तिनं एक वहाण काढली. मग दुसरी. अनवाणी फरशीवर उभी राहिली, कुणाची तरी माफी मागावी तसे हात जोडले, डोळे मिटले.

"जोतीराम," ती म्हणाली.