भिंत बिघडली

सहदेव वायरमनने दाराशी चपला काढल्या, तशी विमला खेकसली, "राहू देत पायात!"

तिच्या आणि लेकीच्या, जयंतीच्याही पायांत रबरी स्लिपर होत्या. चारकोपच्या त्या एका खोलीत कोपऱ्यात देव्हारा होता, तरीसुद्धा.

'भिंत बिघडली. लगेच या.' शाळेतून येताना जयंतीने त्याच्या दुकानात एवढीच चिठ्ठी टाकली होती. भिंत म्हणजे तेलाचे डबे कापून, ठोकून सपाट केलेला पत्रा. आतून पुठ्ठा आणि मधून वायर.

"पत्र्यातून कोण वायर ओढतं, वहिनी? शॉक कुणाला बसला?"

"मार्तंडला!" जयंती पटकन म्हणाली. "दोनदा!"

"गप गं," विमला म्हणाली.

मार्तंडला इथे गोदाम हवं होतं. रोज संध्याकाळी तो बाहेरून पत्र्यावर थापा मारायचा, "खोली कधी सोडताय?" गणपतीनंतर जरा थंडावला होता. या मंगळवारी परत आला आणि दाराची कडी उपटून गेला. आज माणसं आणतो म्हणाला होता.

सहदेवने टेस्टर लावला. "आत्ता पेटत नाही. पण हा खिळा बघा, थेट वायरीत घुसलाय! कुणा गाढवाने ठोकला?"

"मी," जयंती म्हणाली.

"शाळेत काय शिकवतात तुला?"

"विज्ञानात पहिली आहे मी, काका."

"वाट लागली असती सगळ्यांची! आणि या घराला अर्थच नाही."

विमला उसळली. "माझ्या घराला अर्थ नाही? तोंड सांभाळा, भाऊजी!"

"वायरचा अर्थ हो! जमिनीत सोडतात तो."

"अहो, पण आधी ऐका तरी..."

"काही ऐकायचं नाही. जीव जाईल एखाद्याचा!" त्याने खिळा उपटला. वायर लाकडी पट्टीवरून नेली. पत्र्याला जाड तार बांधून बाहेर जमिनीत खोल पुरली. विमला दातओठ खात बघत राहिली.

तेवढ्यात बाहेरून थाप पडली. धाड!

जयंतीने आईचा हात धरला. दोघींनी कान टवकारले. मग मार्तंड खदाखदा हसला आणि दोन्ही हातांनी पत्रा बडवू लागला.

"बघा वहिनी!" सहदेव खूश झाला. "आता कुणी कितीही हात लावू दे, काही होत नाही."

विमलाने त्याची पक्कड उचलून त्याच्याच पायाशी आपटली.

"मंगळवारपासून तेच होतंय! म्हणून तर बोलावलं ना तुम्हाला!"