दुसरी लेन्स

दुकानदारानं मोठी लेन्स तान्हं मूल उचलावं तशी दोन्ही हातांनी पेटीतून काढली आणि काउंटरवर अंथरलेल्या फडक्यावर अलगद ठेवली.

"ही बघा तीनशे एमएमची. तुमच्याकडे आहे तिची सख्खी बहीण." तो खुशीत होता. "धंदा वाढला म्हणायचा, वहिनी! एकीवर भागेनासं झालं."

तिनं फडक्याचा दुमडलेला कोपरा सरळ केला. शेजारी उभा असलेला तिचा नवरा म्हणाला, "हो. दोन लागताहेत आता."

त्याला नवरा म्हणायचं ते सवयीनं. घटस्फोटाचं काम गेल्याच आठवड्यात संपलं होतं. स्टुडिओ तिच्याकडे, जुनी लेन्स त्याच्याकडे, आणि तिला तशीच नवी, असं ठरलं होतं. सह्या करताना तिचं पेन उमटेना, तेव्हा त्यानं खिशातलं आपलं काढून दिलं होतं. लेन्स घ्यायला "मी येऊ का?" असं त्यानंच विचारलं आणि ती "ये" म्हणाली. नको म्हणायलाही काहीतरी वाटावं लागतं.

त्यानं लेन्स उजेडाकडे धरून काच निरखली, कॅमेऱ्यावर चढवली आणि दारात जाऊन समोरच्या इमारतीच्या टाकीवर बसलेली घार टिपली.

"फोकस पटकन लागतोय. पीस न् पीस दिसतंय. बघ."

तिनं पाहिलं. घार होती. पिसं होती.

"चांगली आहे," ती म्हणाली.

"चांगली म्हणजे काय!" दुकानदाराला जुनं सगळं आठवलं. "दोघांनाही चालेल अशी द्या म्हणाला होतात. पहाटे तळ्यावर साहेबांचे पक्षी, संध्याकाळी हॉलमध्ये वहिनींचे समारंभ. मी तेव्हाच घरी जाऊन सांगितलं, काय हुशार जोडी आहे! एका दगडात दोन पक्षी!"

आपल्या विनोदावर तो स्वतःच मनापासून हसला. हे दोघंही थोडं हसले. इतकी वर्षं एकत्र काम केल्यावर गिऱ्हाइकासमोर एकदम हसणं जमतं.

खरं तर ती लेन्स ना धड पक्ष्यांची होती, ना धड समारंभांची. पक्ष्यांना अपुरी पडायची; टिटवी चार पावलं मागे सरली की तो हळहळायचा. हॉलमध्ये उलटा प्रकार. नाचणारीचा चेहरा आला की हात कापले जायचे. झूम नसलेली लेन्स, त्यामुळे मागेपुढे व्हायचं ते आपणच. शेवटच्या रांगेमागे भिंतीला पाठ टेकून, ते वजन पेलत ती उभी राहायची. पण अंधारात चित्र स्वच्छ यायचं, हे दोघांनाही मान्य होतं. दोघंही कुरकुरायचे आणि दोघंही तीच वापरायचे.

"ती छोटी दाखवता?" तिनं मागच्या कपाटाकडे बोट केलं. "एकशे पस्तीसची."

दुकानदार गोंधळला. "दाखवतो की. उजेड तर हिच्याहून जास्त घेते. पण वहिनी, पक्ष्यांना नाही हं चालायची."

"मला पक्षी काढायचे नाहीत."

दुकानदारानं तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. तो मोठ्या लेन्सला झाकण बसवत होता. झाकण नीट बसल्याचा आवाज आला, तरी त्यानं ते पुन्हा दाबून पाहिलं.

"द्या ती, काका," तो म्हणाला. "तिला पहिल्यापासून तीच हवी होती."

तिनं मान वळवली. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तूही नाही बोललीस. मी विचारलं होतं, चालेल ना? तू चालेल म्हणालीस."

ते खरं होतं. याच काउंटरशी म्हणाली होती. आता राग यायला हवा होता. तिनं थोडी वाट पाहिली. तो आला नाही.

दुकानदारानं छोटी लेन्स तिच्यापुढे ठेवली आणि बिलाचं पुस्तक ओढलं. यातलं त्याच्या डोक्यात अजून काही शिरलं नव्हतं.

"स्टुडिओच्याच नावानं करू ना, वहिनी?"

"हो. आणि काका, मला ताई म्हणा."

पेन कागदावर थांबलं. त्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग फडक्यावरच्या मोठ्या लेन्सकडे. मघाचं हसू त्याच्या तोंडावर तसंच राहून गेलं होतं. ते कुठे ठेवावं हे त्याला कळेना.

"बरं," तो म्हणाला. "बरं, ताई." आणि उगाचच, "चहा सांगू?"

"नको."

"मग एकदा लावून तरी बघा. घरी गेल्यावर तक्रार नको."

तिनं लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर चढवली आणि दुकानाच्या आतल्या अंगाला रोखली. तिथे उजेड बेताचाच होता. त्या मंद उजेडातही दुकानदाराचा चेहरा अख्खा आला. डोळ्यांखालच्या घड्या, कानामागे खोचलेली पेन्सिल, न मिटलेलं तोंड. काहीही कापलं गेलं नव्हतं. मागे सरावं लागलं नव्हतं.

लांब नळीला आधार द्यायला तिचा डावा हात सवयीनं पुढे गेला. लेन्स हाताच्या बरीच अलीकडे संपली होती.

"हलकी आहे ती," तिच्या शेजारून नवरा म्हणाला.

"हो," म्हणत तिनं बटण दाबलं. हात मात्र तसाच पुढे, अधांतरी राहिला.