मखमलीचा झेंडा

साहेबांनी मखमलीवर हात फिरवला, मग गाल घासून बघितला आणि म्हणाले, हेच.

झेंडेमास्तर गडबडले. टेबलावर त्यांनी चार नमुने मांडले होते, सुती, रेशमी, लोकरी आणि नायलॉन. मखमल नुसती खाली अंथरायला आणलेली. मास्तरांनी परोपरीने सांगितलं, की झेंडा वाऱ्याच्या जिवावर जगतो, कापड हलकं हवं, नायलॉन घ्या, जराशी झुळूक आली तरी उडेल. साहेबांचं मत पडलं, नायलॉनच्या छत्र्या होतात. समारंभाच्या समितीतल्या बाकीच्या चौघांचंही तेच मत पडलं.

मास्तरांनी शेवटचा धीर केला. "साहेब, झेंडा पांघरायचा नसतो."

"आम्हाला शिकवू नका. नाही फडकला, तर तीस वर्षं तुमच्याकडे असलेलं काम दुसऱ्या दुकानाला जाईल."

घरी बायको म्हणाली, हत्तीला पंख शिवा म्हणाले तर शिवून द्यावेत, उडायचं ते हत्ती बघेल. मास्तरांनी शिवला. तीन सुया मोडल्या, मशीन म्हाताऱ्यासारखं कण्हलं. घडी उचलायला शेजाऱ्याला हाक मारावी लागली.

समारंभाच्या सकाळी पावसाची एक सर येऊन गेली. मखमल पोटभर पाणी प्यायली. मोठ्या पाहुण्यांनी दोरी ओढली, झेंडा जागचा हलेना. शिपाई धावला. विहिरीत पडलेली म्हैस काढावी तसा दोघांनी तो वर नेला. शिपायाने दोरीला दोन वेढे दिले, नेहमीच्या हलक्या झेंड्याला देतो तसेच. बँड वाजायला लागला. झेंडा ओल्या रजईसारखा लोंबत राहिला. साहेबांनी मास्तरांकडे अशी नजर टाकली, की मास्तरांना आपल्या दुकानाला लागलेलं कुलूपच दिसलं.

तेवढ्यात वेढे सुटले. झेंडा सरकत सरकत खाली आला आणि बरोब्बर अर्ध्यावर अडकला.

बँड गप्प झाला. झेंडा अर्ध्यावर म्हणजे कुणीतरी मोठं माणूस गेलं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. पुढची रांग उठून उभी राहिली. मग मागची. टोप्या उतरल्या. कोण गेलं, हे मात्र कुणी कुणाला विचारेना. आपल्यालाच कसं कळलं नाही, म्हणून जो तो मनात खजील. मोठे पाहुणे माइकसमोर गेले आणि गेलेल्या माणसावर चांगली वीस मिनिटं बोलले. अशी माणसं पुन्हा होणे नाही, म्हणाले. साहेबांनी रुमाल काढला. चौघांनीही काढले.

जाताना साहेब मास्तरांपाशी थांबले. प्रसंगाला शोभेलसं भारदस्त कापड झालं, म्हणाले, पुढचाही झेंडा तुम्हीच शिवा.

मास्तरांची बायको डोळे पुसत होती. साहेब लांब गेल्यावर तिने हळूच विचारलं, "अहो, पण गेलं कोण?"

मास्तर मटकन खुर्चीत बसले.

"मी जाणार होतो. थोडक्यात वाचलो."