तिचा मुलूख

"तिला सोडाल तवा गावात सोडू नका. देशाबाहेर घाला," झुंबरबाई म्हणाली. घोडेगावच्या पोलीस ठाण्यात बाक रिकामा होता, पण ती बसली नाही.

फौजदारांनी मागवलेला चहा तसाच निवत होता.

"आजी, तुमची सून नेपाळची आहे, खरंय. पण नेपाळच्या माणसाला इथं राहायला आडकाठी नसते. आणि तिची शिक्षाही आता भोगून संपत आलीय."

"माझा भिका मारला तिनं. वरवंटा घातला डोक्यात."

"त्याचीच तर शिक्षा झाली ना?"

"झाली की. पर आता हितं कशाला? तिला तिचा मुलूख हाय."

फौजदारांनी सुस्कारा सोडला. गुन्हा गंभीर असला, तर परदेशी माणसाला परत पाठवायचा आदेश वरून निघू शकतो, म्हणाले. वेळ लागतो. ग्रामसभेचा ठराव जोडला तर बरं. झुंबरबाईनं पदर खोचला आणि तडक एसटी स्टँड गाठलं.

रत्ना भावाबरोबर नारायणगावला चायनीजच्या गाडीवर कामाला आली होती. भिका तिथल्या बाजारात टेम्पोनं टोमॅटो घेऊन जायचा. दोघांचं जमलं, लग्न झालं. कागदपत्रांच्या भानगडीत कुणी पडलं नाही. पुढं भिकाला दारूचा नाद लागला. प्यायला की तो रत्नाला गुरासारखं मारायचा, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. एका संध्याकाळी तिनं वरवंटा उचलला. मग आपल्या पायांनी चालत जाऊन ठाण्यात बसली.

त्यानंतर झुंबरबाई तिला भेटायला एकदाही तुरुंगात गेली नाही. धाकटा मुलगा सयाजी मात्र जाऊन आला. "वहिनीला" खाऊ देऊन आला, आणि सुटायची तारीख विचारून आला.

ग्रामसभेत सरपंच सावळारामांनी म्हातारीला समजावून पाहिलं. "झुंबरबाई, आपल्या गावच्या लेकीच्या हातनं असं झालं असतं, तर तिला कुठं हाकललं असतं? येका गुन्ह्याला दोन शिक्षा कशा?"

"आपल्या लेकीला जायला दुसरा मुलूख न्हाई," झुंबरबाई म्हणाली. "हिला हाय. म्हनून तर म्हनते."

"म्हातारीचं काळीज दगडाचं हाय राव," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"बराबर बोलतीय ती," दुसरा उसळला. "भाईरनं यायचं, आपल्याच मानसाला मारायचं आन् परत हितंच नांदायचं?"

हात वर झाले. ठराव झाला. सयाजीनं तेवढा हात वर केला नाही.

भावाच्या दहाव्यापासून सयाजीनं दाढी ठेवली होती आणि बोलणं कमी केलं होतं. घरी आल्यावर तो शांतपणे म्हणाला, "आई, कशाला तिच्या मागं लागलीस? घरची सून हाय. यिऊ दे घरी. माझ्या मनात काय न्हाई." मागच्या खोलीला त्यानं चुना मारून घेतला होता, दाराला नवी कडी बसवली होती. शेजारीपाजारी म्हणायचे, दीर असावा तर असा.

"माझं एक पोरगं गेलं," झुंबरबाई म्हणाली. "दुसऱ्याचं वाटुळं मला बघायचं न्हाई."

"तिच्यापायी माझं काय वाटुळं व्हनार?"

ती उठून गोठ्याकडं गेली.

मग तिला घरात चैन पडेना. उठली की घोडेगाव. आदेश आला का? नाही आला. एकदा ओझरला जाऊन तिनं विघ्नहराला साकडं घातलं, "देवा, तिचं पाऊल माझ्या उंबऱ्यात पडू दिऊ नगं." शेजारची बाई ते ऐकून चरकली. रात्री झुंबरबाईचा डोळा लागायचा नाही, आणि पहाटे पुन्हा पहिली गाडी धरायची.

सुटायचा दिवस उजाडला, तरी आदेशाचा पत्ता नव्हता.

सयाजीनं जीप ठरवली. रत्नासाठी नवं लुगडं घेतलं. झुंबरबाई न बोलावता मागच्या सीटवर जाऊन बसली. मंचर गेलं, राजगुरुनगर गेलं. कितीतरी वर्षांनी सयाजी शीळ घालत होता. झुंबरबाई पदराचा शेव पिळत होती.

पुण्यात तुरुंगाच्या फाटकाशी पोलिसांची गाडी उभी होती. जाळीआड रत्ना बसली होती, केस पिकलेली, ओळखू न येण्यासारखी. सयाजी पुढं झाला, तशी शिपाई बाईनं त्याला अडवलं. "कालच आदेश आलाय. इथून थेट स्टेशन, गोरखपूरची गाडी, आणि पुढं सीमेपार."

"अवो बाई, आमची सून हाय ती! घरी न्यायला आलोय!" सयाजीनं हात जोडले, मग त्याचा आवाज चढला. साहेबांना भेटतो म्हणून तो फाटकाकडं धावला.

झुंबरबाई खाली उतरली. "मला येकदा तिचं तोंड बघू द्या."

शिपाई बाईनं तिला निरखलं. "बघा. पण हात उचलायचा नाही, आजी."

झुंबरबाई जाळीपाशी गेली. रत्ना हुंदके देत होती. "आई, मला घरी यायचं होतं. तुमचे पाय धरायचे होते. तिकडं माझं कोण उरलंय? एवढा राग धरलात?"

झुंबरबाईनं वळून फाटकाकडं पाहिलं. मग जाळीतून बोटं घालून रत्नाचा गाल पुसला.

"जा पोरी, आन् हितं फोनसुदीक करू नगं," ती कुजबुजली. "सयाजीनं गोठ्यामागं खड्डा खणून ठिवलाय. तुझ्या मापाचा."