ताणलेली कणीक

"आजीबाई, शेवटचं विचारतोय," कप्तान म्हणाला. "तो कुठे आहे?"

"कोण?" यालझा आजीने विचारलं आणि कणकेची कड आणखी थोडी ओढली.

जाड्या शिपायाने तिच्या कानाखाली आवाज काढला. आजी टेबलावर कोलमडली, पण तशातही कोपरं कणकेला लागू दिली नाहीत. ओठाचं रक्त तिने बाहीला पुसलं आणि पुन्हा कामाला लागली. हाताची पाठ कणकेखाली घालायची आणि हलकेच बाहेर ओढायचं. अख्खं टेबल झाकून कणीक कडांवरून लोंबू लागली होती. तिच्याखाली अंथरलेलं कापड चारी बाजूंनी पार जमिनीला टेकलं होतं.

टेबलाखाली तो होता.

पहाटे लंगडत दाराशी आला तेव्हा त्याच्या मांडीतून रक्त गळत होतं. आजीने त्याला आत घेतलं, गरम सूप पाजलं, चुलीपाशी झोपवलं. अंगणात बूट वाजले तशी आजी आणि तिची नात बारित्सा, दोघींनी मिळून त्याला टेबलाखाली सरकवलं. कुत्रं भुंकायला लागलं आणि पहिली गोळी त्यालाच बसली.

एक गेला होता. आजीचा मुलगा इम्ब्रो, बारित्साचा बाप. गेल्या हिवाळ्यात याच गणवेशवाल्यांनी त्याला चर्चपुढच्या झाडाला लटकवलं. हा मात्र तिला हातचा जाऊ द्यायचा नव्हता. स्वतःचा जीव गेला तरी बेहत्तर.

"रक्ताचे थेंब तुझ्या फाटकापर्यंत आलेत," कप्तान म्हणाला.

"सशाचे असतील. कोंबड्या तुमच्या माणसांनी ठेवल्यात कुठे?"

"तोंड सांभाळ म्हातारे, नाहीतर तुझीच कणीक तिंबीन." पण त्याची नजर टेबलावर अडकली होती. "श्त्रुक्ली करतेस?"

"हो. चीज भरून वळकटी."

"माझी आई करायची. तिची दरवेळी फाटायची. तुझी कशी फाटत नाही?"

"कोमट पाणी घ्यायचं, चमचाभर तेल, व्हिनेगरचा थेंब," आजी म्हणाली. "मग आदळायची. जितकी आदळाल तितकी मऊ. आणि नंतर गरम वाडग्याखाली झाकून विसरून जायचं. ज्याला धीर नाही त्याची फाटते."

"उतावळीच होती ती," कप्तान म्हणाला आणि बाक ओढून बसला.

शिपाई माळ्यावर चढले, तळघरात उतरले, गोठ्यातल्या गवतात संगिनी खुपसून आले. पिंपं फोडली. तळघरातली वाइन उंबऱ्यापर्यंत वाहत आली. जाड्या परत आला, इकडेतिकडे बघितलं आणि टेबलाशी वाकून कापडाची कड धरली. बारित्साने डोळे मिटले.

कप्तानाची लाथ त्याच्या बरगडीत बसली. "हात काढ, गाढवा! फाटेल ना!"

जाड्या कळवळत बाजूला झाला. त्याच क्षणी टेबल हललं. कणकेवरून एक लाट सरकत गेली. आजीने खाली पाय घातला, खालच्याच्या जखमी मांडीवर टेकवला आणि दाबून धरला. टेबल थांबलं.

"काय हललं?"

"माझे हात कापतायत, साहेब. तुमच्या माणसाने मारलंय मला."

"कापतायत होय? थांबवतो."

त्याने जाड्याची बंदूक हिसकावली आणि दस्ता आजीच्या डाव्या हातावर घातला. हाडं काडकन मोडली. बारित्सा किंचाळत धावली, तर जाड्याने तिला केसांना धरून भिंतीवर आपटलं. तिच्या नाकातून रक्ताची धार लागली.

"तो मला जिवंत हवाय," कप्तान आजीच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाला. "कळलं का म्हातारे? जिवंत. बोल."

"मला माहीत नाही."

त्याने बंदूक जाड्याकडे फेकली. मग पुन्हा बाकावर बसला. "ठीक आहे. भर आणि गुंडाळ. खाऊनच जातो."

आता मात्र आजी अडकली. श्त्रुक्ली हाताने गुंडाळत नाहीत. चीज, अंडं, साय पसरायची आणि खालचं कापडच उचलायचं, म्हणजे कणीक आपोआप वळत जाते. कापड उचललं की सगळंच उघड्यावर. आणि समोर हा, आईच्या आठवणीने टक लावून बसलेला.

एका हाताने तिने चीज पसरायला घेतलं. मध्यावर आली आणि मोडलेला हात, तिने अंगाचा सगळा भार देऊन, कणकेवर टाकला. वेदनेने तिच्या डोळ्यांपुढे अंधार आला. कणीक या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटली. उभ्या आयुष्यात तिच्या हातून कधी फाटली नव्हती.

"एका हाताने नाही जमत," ती म्हणाली. "परत मळते. तासभर मुरायला हवी. बसा."

कप्तान उठला. फाटलेल्या कणकेवर थुंकला. मग आजीच्या पोटात लाथ घातली, ती खाली पडल्यावर आणखी एक. "चला रे! रानात बघू. तसल्या पायाने जाऊन जाऊन जाणार कुठे!"

बुटांचे आवाज टेकडीपलीकडे विरेपर्यंत दोघी जमिनीवरच पडून राहिल्या. मग बारित्सा रांगत आली.

"आजी, जिवंत आहे ना तो?"

"असायलाच हवा. एवढं सोसलं ते कशाला?"

बारित्साने कापड वर केलं. तो पांढराफटक पडला होता. हातपाय पहाटे झोपेतच दोरीने आवळलेले, तोंडात बोळा, अंगावर कप्तानाच्या माणसांचाच गणवेश. आजी भिंतीच्या आधाराने उठली.

"नीट बघून घे," ती म्हणाली. "त्यांना आपला माणूस जिवंत न्यायचा होता. पण तुझ्या बापाच्या गळ्यात फास अडकवला तो हाच. आता जा, कुऱ्हाड आण. मला एक हात पुरेल."