दुसऱ्या भागातली आई

"अख्ख्या पुस्तकात घोड्याला कुणी चारा घातलेला नाही," दंतवैद्य म्हणाले आणि त्यांनी कादंबरी टेबलावर आपटली. "नायक एवढा शूर, आणि मुकं जनावर उपाशी!"

वाचनालयाच्या खोलीत हशा पिकला. समोरच्या खुर्चीत लेखक ओठ मिटून बसला होता. इथला नियमच तसा होता. सगळ्या वाचकांचं बोलून होईपर्यंत लेखकाने तोंड उघडायचं नाही. कौतुक होवो की धुलाई, मुकाट ऐकून घ्यायचं.

कॉलेजातली मुलगी तावातावाने उठली. "चाऱ्याचं काय घेऊन बसलात? तो तलवार हातात घेतो ना, ते पान मी पुन्हा पुन्हा वाचलंय. अंगावर काटा येतो!"

शिंप्याला हे पटलं नाही. "चिलखत चढवायला त्याला एक ओळ पुरते. अहो, साधा कोट घालतानासुद्धा माणूस बाहीत अडकतो." पुस्तकातल्या नकाशांवरून थोडी बाचाबाची झाली. पाताळातला सर्प मात्र सगळ्यांनाच आवडला होता.

शेवटच्या रांगेत लेखकाची मोठी बहीण बसली होती. ती त्याची बहीण आहे हे त्या खोलीत फक्त त्यालाच ठाऊक होतं, आणि तो तिला सोडून सगळीकडे बघत होता. ती चर्चेला आली नव्हती, त्याला घरी न्यायला आली होती. आईने अंथरूण धरलं होतं, घास उतरत नव्हता, आणि डोळा उघडला की तोंडात त्याचंच नाव. फोन तो उचलत नव्हता. आज तो इथे येणार हे पेपरात वाचल्यावर ती शेजारणीला आईजवळ बसवून निघाली होती.

"मागच्या तुम्ही, बोला ना," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "पुस्तक वाचलंय ना?"

"वाचलंय." बहीण उभी राहिली. "पहिल्याच पानावर नायक आजारी आईच्या पाया पडतो आणि निघतो. पुढे तिचं काय झालं? तिला पाणी कोण देतं? तिची कूस कोण बदलतं?"

"घ्या! घोडाही उपाशी आणि आईही," दंतवैद्य म्हणाले. पुन्हा हशा.

बहिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी त्याला विचारतेय."

"त्यांना आत्ता बोलता येत नाही हो. नियम आहे," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"आई दुसऱ्या भागात मरणार," मुलगी मध्येच म्हणाली. "मरायलाच हवी. त्याशिवाय नायक पेटून कसा उठेल?"

"मारू नका. आंधळी करा," शिंपी म्हणाला. "वाट बघून बघून."

"छे! जिवंत ठेवली तर तो घरात अडकेल," दंतवैद्य म्हणाले. "मग कसली तलवार आणि कसलं काय!"

चर्चा अशी रंगलेली बघून ग्रंथपालबाई खूश झाल्या. "कौलच घेऊ या. आई मरावी असं कुणाकुणाला वाटतं? हात वर करा."

भराभर हात वर गेले. माणसं वाईट नव्हती. एरवी आईचा विषय निघाला असता तर यातल्या निम्म्यांचे डोळे भरून आले असते. पण ही पुस्तकातली आई होती, मेली तर कामाची होती. लेखकाने खिशातून पेन काढलं, हातांच्या त्या गर्दीवरून नजर फिरवली आणि काहीतरी टिपून घेतलं.

"खाली करा ते हात!" बहीण ओरडली. "जिवंत आहे ती!"

"कोण?" मुलीने विचारलं.

"आमची आई. याची आणि माझी." तिच्या आवाजात रडू नव्हतं, संताप होता. "छान आहे तुमचा नियम. आमच्याशीही हा तोच पाळतो. फोन वाजून वाजून थकतो, याला वाचा फुटत नाही. सर्पाच्या दाढा मोजायला वेळ आहे याला. आणि आमचं घर काही सात समुद्रांपलीकडे नाही. दोन बस बदलल्या की येतं."

एकेक हात खाली आला. दंतवैद्यांनी आपला हात चष्म्याकडे नेला आणि उगाच काच पुसत बसले.

"ताई, घरचं घरी बोलू," लेखक खालच्या आवाजात म्हणाला. नियम मोडला होता, पण त्याला कुणी टोकलं नाही.

"घरी कधी?"

तो पेनाच्या टोपणाशी चाळा करत राहिला. "येतो ना. एवढा दुसरा भाग हातावेगळा झाला की येतो."

बहिणीने पिशवी खांद्याला लावली. दाराशी जाऊन ती वळली.

"सगळ्यांची मतं ऐकलीस, आता तिचंही ऐक. तिला तुझं पुस्तक वाचून दाखवायला बसते मी. पहिल्या पानाच्या पुढे जाऊच देत नाही ती. तू पाया पडून निघतोस, तेवढं ऐकते आणि म्हणते, 'मिट ते. पोरगं एवढ्यात येईल, कडी लावू नकोस.'"



"आम्ही दोघी दार उघडं टाकून झोपतो," ती म्हणाली.