बयोचा मेंदू

पडद्यावर उमटलेला मेंदू बयोचा नव्हता.

स्कॅनवालीने खुर्ची पुढे ओढली. बयो ही प्रयोगशाळेतली सगळ्यात म्हातारी माकडीण. सहा महिन्यांपूर्वीच्या चित्रात तिच्या मेंदूतल्या पोकळ्या चांगल्याच रुंदावल्या होत्या, मज्जातंतूंच्या जुड्या विरळ झाल्या होत्या. आज सगळं कसं गच्च भरलेलं! सव्वीस वर्षांची माकडीण सहा महिन्यांत तरणीताठी होत नाही. गळ्यातला पट्टा मात्र बयोचाच. माकडं पट्टे कुरतडतात, म्हणून ते एरवी खुंटीवर असतात; भूल चढली की माकडांची देखभाल करणारी मावशी ज्याचा त्याला घालते. म्हणजे हा मावशीचाच उद्योग.

कारण शोधायला लांब जायला नको होतं. मेंदू आणखी झिजलेला दिसला की बयोला कायमची भूल द्यायची आणि मेंदूचे काप काढायचे, असं सरांनी ठरवलं होतं. आणि बावीस वर्षं बयोला मावशीनेच हाताने भरवलं होतं.

आता एकेक आठवायला लागलं. हल्ली मावशी तळहातावर पेनाने काहीबाही लिहून आणायची. कुणी पाहिलं की मूठ मिटायची. "आज स्कॅनला कुणाची पाळी गं?" हे सकाळपासून तीनदा विचारून झालं होतं. साळसूदपणा नुसता!

सरांना सांगावं तर मावशीची नोकरी जाणार. न सांगावं तर तीन वर्षांचा अभ्यास पाण्यात. स्कॅनवाली तरातरा पिंजऱ्यांकडे गेली.

मावशी भुलीतून जाग्या होणाऱ्या माकडिणीची पाठ चोळत होती.

"मावशी, मला शेंडी लावू नका. बयोला कुठे लपवलंत?"

"लपवू कशाला? ही काय माझी बयो!" मावशी हसली. "दिवसभर दुसऱ्यांची डोकी बघून तुझंच फिरलंय, बाई."

माकडिणीचे सुळे पांढरेशुभ्र होते. बयोच्या तोंडात एक धड दात उरला नव्हता. इतक्या शांतपणे खोटं बोलणारं माणूस स्कॅनवालीने पहिल्यांदाच पाहिलं.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या पिंजऱ्यातून एक सुरकुतलेला हात बाहेर आला. बयोच ती. बोळकं पसरून तिने मावशीचं बोट धरलं आणि रोजच्यासारखं आपल्या गालाला लावलं.

मावशी दचकली. पण बोट सोडवून घेतलं नाही. मान तिरकी करून ती बराच वेळ बघत राहिली.

"गुणाची दिसते," ती म्हणाली. "ही नवीन कधी आली गं?"